आयटीआयसाठी सरकारी निधी: यंत्राच्या आधी ते चालवणाऱ्याची सोय

तालुक्याच्या गावातल्या एका शासकीय आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद नुकतेच स्वीकारलेल्या लघुउद्योजकाने काही प्रश्न विचारले आहेत. ते थोडक्यात असे. संस्थेतल्या लेथ जुन्या झाल्या आहेत, वेल्डिंगचा विभाग अर्धा बंद आहे आणि जवळच्या एमआयडीसीतले कारखाने सीएनसीवर, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रांवर, काम येणारी मुले मागतात. यासाठी केंद्राचा आणि राज्याचा निधी कोणत्या वाटांनी येतो? प्रस्ताव कसा करावा? समितीवर जुन्या पीपीपी (सार्वजनिक-खासगी भागीदारी) योजनेचे कर्ज आहे, त्याचे हप्ते नव्या अनुदानातून भरता येतील का? आणि त्यांच्याच शिक्षण संस्थेच्या अनुदानित हायस्कुलात व्यवसाय विषय सुरू करायला पैसे मिळतील का?

मी राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण खात्यात शिल्पनिदेशक, म्हणजे आयटीआयमध्ये शिकवणारा, म्हणून लागलो आणि प्राचार्य म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात प्रस्ताव केले, तपासले आणि निवृत्तीनंतरही अनेक समित्यांसोबत बसून कागद लावून दिले. त्या अनुभवावरून लिहितो आहे.

पैसा कुठून येतो याच्या आधी तो कशासाठी येतो हे पाहू. नियमित निदेशकांचे पगार, वीजबिल, कार्यालयीन खर्च, प्रशिक्षणाचा कच्चा माल हा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातून, विभागाच्या ठरलेल्या लेखाशीर्षांतून, म्हणजे खर्चाच्या ठरवून दिलेल्या सदरांतून, भागतो. केंद्राच्या योजना, जिल्हा नियोजनचा निधी, कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, यांतला बहुतेक पैसा मात्र भांडवली खर्चाला मिळतो: यंत्रे, इमारत, फर्निचर, संगणक. एखादी योजना काही वर्षे मानधनाचा भार उचलते आणि मुदत संपली की हात काढून घेते. या दोन प्रवाहांची गाठ वरच्या पातळीवर कोणी घालून देत नाही. ती प्राचार्यांनी आणि समितीनेच घालायची असते. प्रस्ताव अडकतात ते इथे, आणि मंजूर होऊनही पैसा वाया जातो तोही इथेच.

मी एका संस्थेत सीएनसी टर्निंग सेंटर ताडपत्रीखाली उभे असलेले पाहिले आहे. यंत्र उत्तम होते, खरेदी नियमाप्रमाणे झाली होती, लेखापरीक्षणात एकही आक्षेप नव्हता. पण संस्थेचा मंजूर वीजभार अपुरा होता. भार वाढवायचा तर महावितरणकडे पैसे भरायचे, ते कोणत्या लेखाशीर्षातून भरायचे याचा पत्रव्यवहार सुरू होता. दरम्यान ते यंत्र शिकून आलेल्या निदेशकाची बदली झाली. वीज आली तेव्हा हमीकाळ संपला होता आणि कंट्रोलरचे काम कंपनीचा माणूस पैसे घेतल्याशिवाय करायला तयार नव्हता. त्या दोन वर्षांत टर्नरची एक पूर्ण तुकडी त्या यंत्राला हात न लावता बाहेर पडली. मला त्या मुलांचे फार वाईट वाटते, कारण त्यांच्या प्रमाणपत्रात सीएनसी हा शब्द होता आणि मुलाखतीत त्यांना त्यावरच प्रश्न विचारले गेले.

म्हणून माझा आग्रह असा की प्रस्ताव उलट्या क्रमाने लिहा. पहिल्या पानावर हे यंत्र कोण चालवणार त्याचे पदनाम, त्याचे प्रशिक्षण कुठे आणि कधी होणार, आणि त्याची बदली झाली तर दुसरा कोण, हे लिहा. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम किंवा मुंबईची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था, जिला जुने लोक अजून एटीआय म्हणतात, अशा ठिकाणी निदेशक पाठवता येतात. एकाला पाठवू नका, दोघांना पाठवा. दुसऱ्या पानावर मंजूर वीजभार किती, लागणार किती, कॉम्प्रेसर आणि स्टॅबिलायझर धरले आहेत का. तिसऱ्यावर कच्चा माल, टूल इन्सर्ट, कूलंट आणि हमीनंतरचा देखभाल करार यांचा वार्षिक खर्च, आणि तो कोण देणार. मी समित्यांना यंत्राच्या किमतीच्या पाच ते दहा टक्के दरवर्षी बाजूला धरायला सांगतो. यंत्राचे नाव, तपशील आणि किंमत त्यानंतर. असा प्रस्ताव वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनातल्या बहुतेक शंका पहिल्या तीन पानांतच मिटतात.

दुसरी गोष्ट मागणीच्या भाषेची. 'आम्हाला नवा सीएनसी अभ्यासक्रम सुरू करायचा आहे' असे लिहिले की नवी तुकडी, नवी संलग्नता, नवे पद, जागेचे निकष अशी मोठी साखळी सुरू होते. त्याऐवजी आधी संस्थेतल्या चालू व्यवसायांची, म्हणजे ट्रेडची, टूल लिस्ट (यंत्रे आणि हत्यारांची यादी) काढा. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाने, म्हणजे डीजीटीने, प्रत्येक व्यवसायासाठी ती ठरवून दिली आहे. टर्नर आणि मशिनिस्टच्या अभ्यासक्रमात सीएनसी आधीपासून आहे, वेल्डरच्या अभ्यासक्रमात मिग आणि टिग या वेल्डिंगच्या पद्धती आहेत. म्हणजे तुमची मागणी ही चैन नाही, ती मान्यताप्राप्त व्यवसायातली त्रुटी आहे. 'मानकाप्रमाणे इतके हवे, प्रत्यक्षात इतके, त्यातले चालू इतके, निर्लेखनास (नोंदीतून बाद करण्यास) पात्र इतके' असा चार रकान्यांचा तक्ता जोडा. त्रुटीपूर्तीचा प्रस्ताव नव्या व्यवसायाच्या प्रस्तावापेक्षा कितीतरी लवकर हलतो. आणि जुन्या लेथचे निर्लेखन आजच सुरू करा. जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) ज्या लेथ 'चालू' दिसतात, त्यांच्या जागी नव्या कोणी देणार नाही.

आता निधीच्या वाटांकडे येतो.

पीपीपी योजना तुमच्या समितीच्या जन्माशीच जोडलेली आहे, म्हणून तिची माहिती हवी. २००७-०८ मध्ये केंद्राने १,३९६ शासकीय आयटीआय सार्वजनिक-खासगी भागीदारीतून सुधारण्याची योजना आणली. प्रत्येक संस्थेला एक उद्योग भागीदार, त्याच्या अध्यक्षतेखाली संस्था व्यवस्थापन समिती, समितीची संस्था म्हणून नोंदणी, आणि थेट समितीला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज. पहिली दहा वर्षे परतफेड नाही, त्यानंतर वीस वर्षांत समान वार्षिक हप्ते. समितीला वीस टक्क्यांपर्यंत प्रवेश ठरवण्याचा अधिकारही मिळाला. कल्पना चांगली होती: पैसा संस्थेच्या हातात, निर्णय स्थानिक आणि उद्योगाचा आवाज खुर्चीवर.

पण ते अनुदान नव्हते, कर्ज होते, आणि त्याची भीती समित्यांच्या मनातून कधी गेली नाही. मी पाहिलेल्या अनेक समित्यांनी मोठी रक्कम मुदत ठेवीत ठेवली आणि व्याजावर रंगरंगोटी, खुर्च्या, तासिका तत्त्वावरच्या निदेशकांचे मानधन असा खर्च केला. त्यांना दोष द्यायला माझे मन तयार होत नाही. हप्ता फेडायचा कशातून, याचे उत्तर योजनेने 'संस्थेचे उत्पन्न वाढवा' एवढेच दिले होते. ज्या समितीच्या आसपास मोठे उद्योग होते तिने अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आणि कारखान्यांची छोटी कामे घेऊन उत्पन्न उभे केले. दुष्काळी तालुक्यातल्या समितीला ते जमणे कठीणच होते. त्या योजनेतून आता नवे कर्ज मिळत नाही. तुम्ही अध्यक्ष म्हणून आधी एवढे करा: मूळ रक्कम किती, किती खर्च झाली, ठेवीत किती, थकबाकी किती, आणि संस्था विकास आराखड्यात काय कबूल केले होते, याचा एका पानाचा हिशोब सनदी लेखापालाकडून लिहून घ्या. पुढचा प्रत्येक निधीदाता हे पान मागेल.

त्यानंतर आलेली स्ट्राइव्ह योजना वेगळ्या विचाराची होती. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ समितीने संकल्प आणि स्ट्राइव्ह या दोन्ही योजनांना एकदमच मान्यता दिली. दोन्हींना जागतिक बँकेचे साहाय्य होते. स्ट्राइव्हचा आकार २,२०० कोटी रुपयांचा होता. ती खरेदीची पावती मागत नव्हती, निकाल मागत होती. संस्थेने कामगिरीवर आधारित करार करायचा, त्यात किती मुले प्रवेश घेतील, किती टिकतील, किती पास होतील, मुलींचे प्रमाण किती वाढेल, किती कंपन्यांशी करार होतील, किती मुले प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण घेतील अशी उद्दिष्टे लिहायची आणि त्या प्रगतीवर पुढचा हप्ता. देशातल्या सुमारे ५०० संस्था तिच्यात आल्या. योजना आता संपली आहे, पण तिची भाषा राहिली आहे. आज कुठेही प्रस्ताव द्या, तुम्हाला मागच्या तीन-चार वर्षांतले प्रवेश, गळती, निकाल आणि बाहेर पडलेल्या मुलांचा ठावठिकाणा विचारला जाईल.

हा शेवटचा आकडा बहुतेक संस्थांकडे नसतो. मागच्या तीन तुकड्यांतल्या प्रत्येक मुलाला फोन करा: कुठे आहे, काय करतो, पगार किती, शिकलेला व्यवसाय कामी आला का. दोन निदेशक आणि एक लिपिक यांना दोन-तीन आठवड्यांत जमते. खात्याच्या कोणत्याही प्रपत्राने मला जेवढे शिकवले नाही तेवढे या फोनांनी शिकवले. वायरमन झालेली मुले सौर पॅनेल बसवण्याच्या कामात गेली आहेत आणि आपण त्यांना ते शिकवलेच नव्हते, असे कळते. प्रस्तावात अशी तीन वाक्ये खरी असली तर ती दहा पानांच्या प्रस्तावनेपेक्षा जास्त काम करतात.

सध्या चर्चेत असलेली मोठी योजना म्हणजे पीएम-सेतू. ७ मे २०२५ रोजी मंत्रिमंडळाने ती मंजूर केली आणि ४ ऑक्टोबर २०२५ रोजी ती या नावाने सुरू झाली. आकार पाच वर्षांत ६०,००० कोटी रुपये: केंद्र ३०,०००, राज्ये २०,०००, उद्योग १०,०००. केंद्राच्या वाट्यातला निम्मा भाग जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक मिळून उचलणार आहेत. १,००० शासकीय आयटीआय निवडायच्या, त्यांतल्या २०० केंद्रस्थानी आणि ८०० त्यांना जोडलेल्या, म्हणजे सरासरी एका मुख्य संस्थेभोवती चार. प्रत्येक गटासाठी उद्योग भागीदाराबरोबर वेगळी कंपनीसारखी यंत्रणा, मालकी सरकारची आणि व्यवस्थापन उद्योगाच्या पुढाकाराने.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय? एकट्या महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत आणि योजनेत देशभरातून हजार घ्यायच्या आहेत. म्हणजे सगळ्यांचा नंबर लागणार नाही. तालुक्याची संस्था मुख्य संस्था होण्याची शक्यता कमी, जोडलेली संस्था होण्याची शक्यता चांगली. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणची मोठी आयटीआय आणि तुमच्या भागातला मोठा कारखाना या दोघांशी आतापासून बोला. मुख्य संस्थेतली महागडी यंत्रे तुमच्या मुलांना आठवड्यातून ठरावीक दिवस वापरायला मिळतील का, येण्याजाण्याचे भाडे कोण देईल, वसतिगृहात राहता येईल का, हे लेखी ठरले तर तुम्हाला प्रत्येक यंत्र स्वतःकडे लागणारच नाही. माझ्या मते लहान संस्थेने पाच अक्षांच्या मशीनचा हट्ट धरू नये. मूलभूत टर्निंग, मिलिंग, मापन आणि ड्रॉइंग वाचन पक्के असलेला मुलगा कारखान्यात तीन महिन्यांत सीएनसी शिकतो. मायक्रोमीटर नीट वाचता न येणाऱ्याला मात्र मशीन शिकवता येत नाही. तुम्ही स्वतः कारखाना चालवता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

या बाबतीत तमिळनाडूचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथल्या सरकारने ७१ शासकीय आयटीआय पुण्याच्या टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर मिळून आधुनिक केल्या. एकूण खर्च २,८७७ कोटी रुपये, त्यातला मोठा वाटा कंपनीने आणि तिच्या भागीदारांनी उचलला. कर्नाटकानेही तिच्याबरोबर १५० संस्थांसाठी असेच काम केले. मला त्यात आवडलेली गोष्ट अशी की निदेशकांचे प्रशिक्षण यंत्रांबरोबर त्याच करारात बांधलेले होते. यंत्र आले आणि शिकवणारा नंतर बघू, असे झाले नाही. तुमचा करार एका कंपनीबरोबर आणि दोन वेल्डिंग मशीनपुरता असला तरी त्यात हे कलम असू द्या.

तालुक्याच्या संस्थेला सर्वात भरवशाचा पैसा माझ्या अनुभवात मिळतो तो जिल्हा वार्षिक योजनेतून, आणि त्याकडेच लोकांचे लक्ष सर्वात कमी असते. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी, आणि रोजचे काम जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. योजनेचे तीन भाग असतात: सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि आदिवासी. तुमच्या संस्थेत आदिवासी किंवा अनुसूचित जातीच्या मुलांचे प्रमाण चांगले असेल तर त्यांच्यासाठीच्या बाबी त्या त्या भागातून मागा. सर्वसाधारण भागावर सगळ्या खात्यांची गर्दी असते.

प्रस्ताव प्राचार्यांच्या सहीने, जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकाऱ्यांमार्फत जातो. समितीने ठराव करून पाठिंबा द्यायचा आणि पाठपुरावा करायचा. इमारतीची दुरुस्ती असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचे अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता आधी लागते, आणि त्याला वेळ जातो. पुढच्या वर्षाचा आराखडा दिवाळीच्या आगेमागे आकार घेऊ लागतो, म्हणून गणपतीपूर्वी तुमची फाइल तयार हवी. जानेवारीत जाऊन 'यंदा काही बसते का' विचारणाऱ्याला पुढचे वर्ष सांगितले जाते.

एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही खात्यांचा निधी खर्च होत नाही, तो परत येतो आणि त्याचे पुनर्विनियोजन होते. ज्यांच्याकडे प्रशासकीय मान्यतेला योग्य असा, तपशील आणि दर पक्के असलेला प्रस्ताव तयार असतो त्यांना तो मिळतो. म्हणून प्रत्येक संस्थेने वेगवेगळ्या रकमांचे तीन प्रस्ताव कायम तयार ठेवावेत: एक लहान, एक मध्यम, एक मोठा. लहानात हँड टूल्स आणि मापन उपकरणे, मध्यमात वेल्डिंग विभागाची पूर्ण त्रुटी, मोठ्यात वीजभारवाढ धरून सीएनसी. मार्चमध्ये मागणी आल्यावर तपशील लिहायला बसलात तर घाईत चुकीचे यंत्र येईल. आमदार आणि खासदार निधीतूनही शासकीय संस्थेची कामे होतात. तिथेही हाच तयार कागद उपयोगी पडतो.

सीएसआरबद्दल थोडक्यात. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि रोजगारक्षम व्यवसाय कौशल्ये ही बाब त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्ट आहे. समितीच्या नावावर पैसे हवेत तर आयकर कायद्याखालची १२-ए आणि ८०-जी नोंदणी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते, ती १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. ती नसेल तर कंपनीला यंत्रे थेट संस्थेला द्यायला सांगा. कंपनीकडे जाताना यंत्रांच्या यादीबरोबर आवर्ती खर्चही मागा: एका निदेशकाचे तीन वर्षांचे मानधन, देखभाल करार, उपभोग्य साहित्य. सरकारी योजना जे देत नाही ते कंपनी देऊ शकते, आणि कंपनीचा खरा उपयोग तिथेच आहे. फलक लावता येईल म्हणून तिला यंत्रच द्यायचे असते. तिला समजावून सांगणे हे तुमचे काम आहे, आणि एक उद्योजक ते प्राचार्यांपेक्षा चांगले करू शकतो.

शिकाऊ उमेदवारी हा सुद्धा एक प्रकारे सरकारी निधीच आहे, फक्त तो संस्थेच्या खात्यात दिसत नाही. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिन्याला कमाल १,५०० रुपये, केंद्र देते आणि २०२३ पासून ती रक्कम थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागली. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि चार किंवा अधिक कामगार असलेल्यांना ते स्वेच्छेने घेता येतात. तुमच्या एमआयडीसीतले अर्धे कारखाने या दुसऱ्या गटात असतील आणि त्यांना हे ठाऊकही नसेल. सुरुवात तुमच्याच कारखान्यापासून करा. तुमच्या संस्थेतली किती मुले शिकाऊ उमेदवार झाली हा आकडा पुढच्या प्रत्येक प्रस्तावात लागणार आहे. शिवाय त्या मुलांना चालू यंत्रावर हात मारायला मिळतो, जे संस्थेत कितीही खर्च करून पूर्णपणे देता येत नाही.

आता हायस्कुलाबद्दल. शाळेतल्या व्यवसाय शिक्षणाचा निधी कौशल्य विभागाकडून येत नाही, तो समग्र शिक्षा योजनेतून येतो. महाराष्ट्रात त्यात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के देते. २०२१ मध्ये योजना पुढे नेताना व्यवसाय शिक्षणाचा लाभ सरकारी शाळांबरोबर अनुदानित शाळांनाही खुला झाला, त्यामुळे तुमच्या शाळेला दार बंद नाही. नववी ते बारावीला ऑटोमोटिव्ह, ब्युटी अँड वेलनेस, कृषी, रिटेल असे विषय राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याप्रमाणे शिकवतात. प्रशिक्षक बहुधा बाहेरच्या प्रशिक्षण संस्थेमार्फत येतात. राज्य आपला वार्षिक आराखडा केंद्राच्या प्रकल्प मान्यता मंडळापुढे मांडते, म्हणून तुमची मागणी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयातून राज्याच्या यादीत वेळेवर जायला हवी. युडायस या शाळांच्या माहिती प्रणालीतली पटसंख्या, वर्गखोल्या आणि वीज यांची माहिती अचूक भरा. निवड करणारे तीच पाहतात.

विषय निवडताना प्रशिक्षक आणि साहित्याचा प्रश्न इथेही आहेच, आणि त्याचे एक जुने, चांगले उत्तर पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि त्यातून मूलभूत तंत्रज्ञानाचा परिचय हा अभ्यासक्रम राज्यातल्या शाळांत गेला. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य असे चार विभाग, शिकवणारे त्या गावातलेच कुशल लोक, आणि मुलांनी शिकता शिकता गावाची कामे करायची. शाळेचे गेट, रोपवाटिका, वायरिंग यांची कामे झाली की साहित्याचा काही खर्च निघतो आणि मुलाला खऱ्या ग्राहकासमोर उभे राहावे लागते. समग्र शिक्षाचे पैसे मिळोत किंवा उशिरा मिळोत, हे तुम्ही येत्या जूनपासून करू शकता. मला शाळेसाठी यापेक्षा चांगला आराखडा अजून दिसलेला नाही.

हिशोबाचा भाग रूक्ष वाटतो, पण पुढचा हप्ता त्यावरच अडतो. केंद्राच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या विहित नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावे लागते. शिल्लक अनुदानावर बँकेत मिळालेले व्याज तुमचे नसते, ते परत करावे लागते. व्याजातून टेबल घेतले की आक्षेप निघालाच. अनुदानातून घेतलेली यंत्रे पूर्वपरवानगीशिवाय विकता किंवा हलवता येत नाहीत. खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून करताना तपशील इतका सैल ठेवू नका की कोणीही काहीही देईल, आणि इतका घट्टही नको की एकाच कंपनीचे नाव न लिहिता तिचेच यंत्र दिसेल. निविदेतच उभारणी, चाचणी, निदेशकांचे प्रशिक्षण आणि किमान तीन वर्षांची हमी लिहा, आणि हमी यंत्र पोहोचल्याच्या तारखेपासून नको, चालू होऊन स्वीकारल्याच्या तारखेपासून हवी. ताडपत्रीखालच्या त्या यंत्राच्या निविदेत हे एक वाक्य असते तर बरेच काही वाचले असते.

आणि एक काम तुम्ही या आठवड्यातच करा. तुमची समिती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असेल तर अध्यक्ष बदलल्याचा बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत द्यावा लागतो. कित्येक समित्यांच्या नोंदीत अजून तीन अध्यक्षांपूर्वीचे नाव आहे. मग बँक सही मान्य करत नाही, सीएसआर-१ अडते आणि मंजूर झालेला पैसा नुसता पडून राहतो. मागच्या अध्यक्षांचे बदल अर्ज प्रलंबित असतील तर ते क्रमाने निकाली काढावे लागतात. त्यासाठी चांगला वकील गाठा, समितीच्या बैठकीत त्याच्या फीचा ठराव करा.

राहिला कर्जाच्या हप्त्याचा प्रश्न. नव्या अनुदानातून, सीएसआरमधून किंवा जिल्हा नियोजनच्या निधीतून पीपीपीचा हप्ता भरता येत नाही. ज्या कामासाठी निधी मंजूर झाला त्याच कामावर तो खर्च व्हायला हवा. हप्ता समितीच्या स्वतःच्या उत्पन्नातून भरायचा: अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचे शुल्क, कारखान्यांच्या कामगारांचे प्रशिक्षण, समितीच्या स्वतःच्या (अनुदानाच्या नव्हे) ठेवींवरचे व्याज, कार्यशाळेत घेतलेली जॉबवर्कची कामे. तुमच्या एमआयडीसीतल्या पाच कारखान्यांना विचारा की त्यांच्या जुन्या ऑपरेटरना शनिवार-रविवार ड्रॉइंग वाचन आणि मापन शिकवले तर ते किती शुल्क देतील. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, तुमच्या संस्थेतला एखादा चांगला निदेशक पुरतो, आणि त्याला जादा मानधन देण्याचा ठराव समितीच करू शकते. वर्षाचा हप्ता किती आणि अशा किती तुकड्या लागतील हा हिशोब मांडून पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर घ्या.